टेसनमास्तरांचे बिबे

एका श्रावणात दौलतराव कोणाच्याही घरी गेले की पाण्याच्या आधी चिंचोके मागायचे. घरातल्या बाईने पसाभर चिंचोके पुढे केले की ते एकेक उचलून दातावर आपटत, आवाज पसंत पडला तर खिशात टाकत आणि नाही पडला तर परत देत. परत देताना चेहरा असा करत, जणू त्या बाईने खोटा रुपया खपवायचा प्रयत्न केला होता. "हा पोकळ हाय वहिनी," ते म्हणत. "पोकळ नाणं गावात फिरलं त माणसाची नियत पोकळ होते." आमच्या गावाच्या नियतीची एवढी काळजी त्या नियतीच्या मालकांनीही कधी केली नव्हती.

मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना सगळे टेसनमास्तर म्हणत. ते रेल्वेतून पेन्शनीत निघाले होते, पण मास्तर कधीच नव्हते. भुसावळला साहेबांच्या क्लबात दिवाबत्ती करायचे. दिवे लावता लावता त्यांनी साहेबांचे पत्ते पाहिले, आणि पत्त्यांपेक्षा पैशांच्या जागी मांडलेल्या रंगीत चकत्या जास्त पाहिल्या. पुढे ते जे काही बोलत त्याची सुरुवात "भुसावळच्या क्लबात" अशीच होई. वांग्याची भाजी जास्त तिखट झाली तरी त्यांना क्लब आठवायचा. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, शेत नाही. मेलेल्या बहिणीचा मुलगा शंकर तेवढा त्यांच्यापाशी राहायचा, आणि तो गावातल्या थोरल्या घरी सालदार होता.

गावात दोन घरं मोठी होती, थोरलं आणि धाकटं. दोन्ही एकाच पाटलाची, म्हणजे वैर सख्खं. थोरल्या घरचे बळवंतराव, धाकट्या घरचे किसनराव. नवं राज्य आलं, पाटीलकी गेली, पण पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार हे काही सरकारने कळवलं नाही. त्यामुळे तो प्रश्न गावाने आपल्या परीने काठ्यांनी सोडवायला घेतला. आदल्या पोळ्याला थोरल्या घरच्या बैलांचा कासरा शंकरच्या हातात होता. भांडण मालकांचं आणि काठी बसली शंकरच्या डोक्यात. बिचाऱ्याचा डावा डोळा गेला. दोन्ही मालक त्याला भेटायला गेले, आणि तिथेही आधी आत कोण शिरणार यावरून दारात थोडी ढकलाढकली झाली.

दुसऱ्या वर्षी श्रावण लागला, तसे दौलतराव चावडीवर उभे राहिले. "औंदा पुन्हा माह्या शंकऱ्यालेच पुढं उभं करसान," ते म्हणाले. "एक डोळा राह्यला हाय त्याचा. काठ्या नोको. पत्ते खेळा. जो जितन त्याची जोडी पह्यली."

"आन् निवाडा तू करशीन?" किसनरावांनी विचारलं.

"मीच करीन. गावात माह्यापाशीच बैल नाही. ज्याच्यापाशी बैल नाही, त्याचंच डोकं मोकळं राह्यते."

दोघंही लगेच तयार झाले. दोघांचाही आपल्या लबाडीवर पूर्ण भरवसा होता.

मग सुरू झाली नाण्यांची निवड. पैसा लावायचा नाही हे ठरलेलंच होतं, पण पैशाच्या जागी काय, यावर दौलतरावांनी जेवढा विचार केला तेवढा पंचायतीने गावच्या विहिरीवरही केला नसेल. गुंजा नापसंत झाल्या, कारण गडगडतात. कवड्या नापसंत झाल्या, कारण बायकांच्या खेळातल्या म्हणून पाटलांचा अपमान होईल. शेवटी चिंचोका पक्का झाला. मी तेव्हा सोसायटीचा सचिव होतो, म्हणून नाणी वाटायचं काम माझ्यावर आलं. पुढे चोरी झालीच तर ती ढकलायला माणूस तयार असावा, असा गावाचा साधा विचार होता.

"लहान नाणं भरपूर पाह्यजे," ते मला समजावत. "मोठंच नाणं देल्लं त दोन डावांत एकजण उठून जाते. आन् जो खेळातून लवकर उठते तो काठी शोधते. माणसाले बसवून ठेवाचं असन त त्याच्या हाती मोजाले काहीतरी द्या."

नागपंचमीला तीन पत्तीची रंगीत तालीम झाली. मी पायलीभर चिंचोके वाटले. खेळ संपल्यावर जमा केले, तर पायली भरून वर ओंजळी उरल्या. चिंचेचं झाड प्रत्येकाच्या बांधावर आहे, हे एवढा क्लब पाहिलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. थोरल्या घरच्यांनी खिसे भरून आणले होते आणि धाकट्या घरच्यांनी पागोट्यात. लगेच एकमेकांना चोर म्हणणं सुरू झालं आणि मग दोन्ही घरांनी एकमताने माझ्याकडे पाहिलं. दौलतराव मात्र शांत होते.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले. "लहान नाणं घरोघर पिकते. खरा खेळ होईन तवा चिंचोके घटकाभरच फिरतीन. मंग ते सारे जमा करून मी मोठं नाणं काढतो."

मोठं नाणं म्हणून त्यांनी धामणगाव बढ्याच्या बाजारातून बिबे आणले. वीस चिंचोक्यांचा एक बिबा. अख्खा वाळका बिबा कोणाच्या वाटेला जात नाही, आमच्याकडे घरोघरी तो डब्यात पडलेला असतो. त्याचं तेल कातडीला लागलं तर मात्र बिबा उततो, आणि मग माणसाला बसवत नाही की निजवत नाही. पण अख्ख्या बिब्याला कोण भितो?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते; तिच्याही आदल्या दुपारी दौलतरावांच्या ओट्यावर खरा खेळ बसला. त्यांचे हात खोबरेलाने चकचकत होते. म्हाताऱ्याला आज नटायची हौस आली असेल, असं मला वाटलं. घटकाभराने चिंचोके जमा झाले, मी त्यांनी मोजून ठेवलेले बिबे वाटले, आणि उरलेल्या बिब्यांची टोपली त्यांनी स्वतः उचलून बळवंतराव आणि किसनराव यांच्या बरोबर मधोमध ठेवली. मग म्हणाले, "चला सचिव, चहा पाहू."

चुलीपाशी त्यांना कसलीच घाई नव्हती. एकदा फुंकर घातली, एकदा साखर टाकली, मग डबा उघडून साखरेकडे नुसतंच पाहत बसले.

"टोपली उघडी आहे तिकडे," मी म्हणालो.

"उघडीच ठेवली बापा," ते म्हणाले. "अजून उकयू द्या."

आम्ही परतलो तेव्हा टोपली चांगलीच खाली गेली होती, आणि दोन्ही पाटील डोळे मिटून देवाचं नाव घेत असावेत असे बसले होते. पुढच्या डावांत दोघांचेही ढीग वाढतच गेले. देवाची कृपा दोघांच्याही धोतराच्या कनवटीतून बाहेर येत होती. "दोघंबी भारी हा," असं म्हणून दौलतरावांनी खेळ थांबवला. निकाल पोळ्याला, तोरणाखाली.

खांदमळणीच्या संध्याकाळी मी किराणा दुकानात होतो. थोरल्या घरचा गडी खोबरं आणि तीळ मागायला आला. तो जातो न जातो तोच धाकट्या घरचाही आला, त्यालाही तेच पाहिजे होतं. दुकानदार म्हणाला, "काऊन बे, औंदा बैलाच्या खांद्याले लोणी सोडून खोबरं लावता का?" गड्याने खाली मान घातली. बिबा उतल्यावर खोबरं आणि तीळ लावतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टोपलीतला प्रत्येक बिबा म्हाताऱ्याने दाभणाने टोचून ठेवला होता.

पोळ्याला आखरावर, गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, दोन्ही घरांची माणसं काठ्या घेऊन हजर होती. शंकर पुन्हा पुढेच, एका डोळ्याने दोन्हीकडे पाहत, हातात थोरल्या घरचा कासरा. दोन्ही मालक आले ते पाय फाकवून, सावकाश, धोतर कमरेपासून वेगळं धरून. एका हाताने धोतर सांभाळायचं आणि दुसऱ्याने माश्या वारायच्या म्हटल्यावर काठीला हात उरत नाही.

दौलतराव तोरणाखाली उभे राहिले. "ज्याच्या कमरेले सुख हाय," ते मोठ्याने म्हणाले, "त्यानं आपली जोडी पुढं घ्याव."

कोणी हललं नाही. काठीवाल्यांनी आपापल्या मालकाकडे पाहिलं आणि मालकांनी आभाळाकडे. बैल बिचारे ताटकळले आणि कोणाची तरी एक जोडी आपण होऊनच निघाली. तिच्यामागे बाकीच्या गेल्या. पहिली जोडी कोणाची होती हे आज गावात कोणालाच सांगता येत नाही. ज्या मानासाठी शंकरचा डोळा गेला, त्याची किंमत ही एवढी.

शंकर धडधाकट घरी आला. त्याला दारातून आत जाताना पाहिलं आणि दौलतराव ओट्यावर मटकन बसले. "आला बापा," ते म्हणाले, "चालत आला." आणि मग ते रडले. इतकी वर्षं ज्या माणसाच्या क्लबाची मी टिंगल केली, त्याच्या शेजारी मी जाऊन बसलो. नंतर गावात काठ्या निघाल्या नाहीत. टोपली त्यांनी ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी टांगून ठेवली.

काही वर्षांनी दौलतराव गेले. तिरडी बांधून झाली आणि दोन्ही पाटील, आता म्हातारे, एकदमच पुढे झाले. पहिला खांदा थोरल्या घराचा, असं बळवंतराव म्हणाले. किसनरावांनी त्यांचा हात झटकला. आमच्या गावाला मान दिसला की मेलेला माणूसही दिसत नाही. आवाज चढले, मागे कोणीतरी काठीही उचलली.

शंकरने ओट्यावरची टोपली काढली आणि दोघांच्या मधोमध जमिनीवर ठेवली.

दोघांचेही हात आपोआप कमरेकडे गेले. कोणीतरी हसलं. बळवंतरावांनी टोपलीकडे पाहिलं, मग किसनरावांकडे, आणि खाली वाकून तिरडीचं उजवं टोक धरलं. किसनरावांनी डावं धरलं. दोघंही एकदमच उठले.

शंकर मडकं घेऊन पुढे चालू लागला. त्याच्यामागे ते दोघं खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून पाय टाकत होते. ज्याच्या दारात उभ्या जन्मात बैल बांधला गेला नाही, त्याला गावातली सगळ्यात मानाची जोडी मिळाली होती, आणि शंकर तिला सावकाश पुढे घेऊन चालला होता.