दोघांपुरतं घर

शहनाझच्या हॉलमध्ये सोफ्यामागे एक गादी कायम गुंडाळून उभी असायची, आणि महिन्यातले निम्मे दिवस ती अंथरलेलीच असायची. आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचा पत्ता रत्नागिरीकडच्या सगळ्या खाडीपट्ट्याला तोंडपाठ होता. कुणाचा पोरगा व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला आला, कुणाची नोकरी सुटली, की बॅग घेऊन थेट मोहिद्दीनच्या दारात. मोहिद्दीन, म्हणजे तिचा नवरा, हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळायचा. माणूस सोन्यासारखा, पण ‘नाही’ हा शब्द अल्लानं त्याच्या जिभेवर ठेवलाच नव्हता.

‘जागा मनात पाहिजे,’ तो म्हणायचा. ‘मग मनातच झोपवा त्यांना,’ असं म्हणत शहनाझ आणखी दोन वाट्या तांदूळ धुवायला घ्यायची. वर्षाची लीव्ह मिळाली की दोघं गावाला जायची, आणि गावात काय, पाहुणे तेच, गाद्या तेवढ्या जास्त.

यंदा लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मोहिद्दीन खुशीत येऊन म्हणाला, माग काय मागायचं ते. बिचाऱ्यानं मनातल्या मनात बांगड्यांचा भावसुद्धा काढून ठेवला होता. शहनाझ म्हणाली, फ्रान्स. तेही पॅरिस नको, खालचं, दक्षिणेकडचं. एखाद्या आडगावात घर घ्यायचं, तिथून दिवसा आसपासचं काय ते बघायचं आणि संध्याकाळी परत यायचं.

हे खूळ तिच्या डोक्यात आलं ते दातांच्या डॉक्टरकडे. तिथल्या टीव्हीवर एक म्हातारी दगडी घरासमोर खुर्ची टाकून मटार सोलत बसली होती. मागे द्राक्षांचे मळे, पुढे रिकामा रस्ता. शहनाझनं मळे पाहिले नाहीत की रस्ता पाहिला नाही. तिनं एवढंच पाहिलं की म्हातारीला कुणी हाक मारत नव्हतं.

मग सुरू झाली शोधाशोध. लेक उझमा लॅपटॉप घेऊन बसायची. तिची इंटर्नशिप असल्यामुळे ती येणार नव्हती, म्हणून मतं भरपूर द्यायची. एका घराच्या आसपास दुकानसुद्धा नाही हे पाहून ती म्हणाली, “ममा, दॅट्स नॉट अ हॉलिडे, दॅट्स पनिशमेंट.” मोहिद्दीनला तर घामच फुटला. इथं एक लिंबू हवं असलं तरी खालचा बकालावाला वाणी एका फोनवर वर आणून देतो. तिकडे रात्री मीठ संपलं तर काय करायचं? हलाल मटण कुठं मिळायचं? शहनाझनं सांगून टाकलं की आठ दिवस अंडी आणि डाळभात खाऊन कोकणी माणूस मेल्याचं तिनं अजून ऐकलं नाही.

खरी गंमत पुढेच. लोक घर बघताना खोल्या किती ते बघतात. शहनाझही बघायची, पण उलटं. मोहिद्दीन उत्साहानं दाखवायचा, हे बघ, तेवढ्याच दिरहॅममध्ये आठ माणसं झोपतील! ती मान हलवायची. सोफा उघडून पलंग होतो म्हणून एक सुंदर घर तिनं नापास केलं. शेवटी डोंगरातलं एक चिमुकलं घर सापडलं, एक खोली, एक पलंग, दारात अंजिराचं झाड. तिनं उझमाला मालकिणीला विचारायला लावलं, खाली गादी टाकता येईल का? उत्तर आलं, माफ करा, फरशी दगडी आहे, फार गार पडते. शहनाझचा चेहरा असा उजळला की उझमा बघतच राहिली.

पण मोहिद्दीन एकाएकी समुद्राकाठच्या घरावर अडून बसला. चार खोल्या, मार्से शहर तासावर. जन्म खाडीत गेलेल्या माणसाला समुद्राचं एवढं कौतुक कधीपासून? शहनाझला वास आला, आणि दोन दिवसांनी खराखुरा वासच आला. गावाहून आलेल्या एका पॅसेंजरनं दारात खोका ठेवला. सुके बोंबील, आमसुलं, तांदळाचं पीठ, वर चिकटपट्टीचे सात वेढे. खोक्यावर नाव हमदुल्लाचं. हमदुल्ला म्हणजे हव्वाबी फुफीचा, मोहिद्दीनच्या आत्याचा, मुलगा, मार्सेच्या बंदरात जहाजं दुरुस्त करतो. आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की त्याच्या बॅगेत निम्मी जागा दुसऱ्यांची असते, हे शहनाझला मान्य होतं. पण संध्याकाळी फुफीचा फोन आला. हमदुल्लानं आठ दिवसांची रजा टाकली आहे, म्हणाली, तुमच्याकडेच राहील, मोहिद्दीन मोठं घर घेतोय ना!

शहनाझनं फोन ठेवला. मोहिद्दीन खोक्याकडे बघत बसला होता. लहानपणी आई गेल्यावर याच फुफीनं त्याला भरवलं होतं, तिला नाही कसं म्हणायचं? खरंच होतं ते, आणि शहनाझला त्याची दयाही आली. पण रडू आलं ते स्वतःसाठी. पंचवीस वर्षांत एकदा मागितलेले आठ दिवस, तेही जेवणाची पानं मोजण्यात जाणार.

तिनं डोळे पुसले, उझमाला हाक मारली आणि डोंगरातलं घर बुक करायला सांगितलं. खलास. मग नवऱ्याला नीट समजावलं. पहिले दोन दिवस दोघांनी मिळून फिरायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं खोका घेऊन बसनं, मग ट्रेननं मार्सेला जायचं. भावाबरोबर हवं तितकं राहायचं, बोंबील भाजून खायचे, फुफीला व्हिडिओ कॉल करायचा आणि दोन रात्रींनी परत यायचं.

मोहिद्दीनचा चेहरा खुलला, आणि लगेच उतरला. “आणि तू? परक्या मुलखात, डोंगरात, एकटी? काय करशील दोन दिवस?”

“काही नाही,” शहनाझ म्हणाली.

एवढ्या वर्षांत त्यानं तिला काही न करता बसलेलं एकदाही पाहिलं नव्हतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं असावं. तो उठला, सोफ्यामागची गादी उचलली आणि कुणी न सांगता बाल्कनीत नेऊन ठेवली.