दोन गुण पुढे असलेला स्कोअरबोर्ड

या सदरातले गूढ अनुभव मी नेमाने वाचतो, पण चकली खात, करमणूक म्हणून. श्राद्धाच्या जेवणाला मी आनंदाने बसतो, कावळ्याची वाट मात्र कधी पाहिली नाही. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही. तुमच्या जागी मीही हसलो असतो.

सत्तरच्या दशकाचा शेवट. मी बहारीनमध्ये एका इलेक्ट्रिकल कंपनीत क्लार्क होतो. सौदीला जाणारा पूल तेव्हा फक्त गप्पांत होता. कंपनीने बुसैतीनच्या बाजूच्या एका क्लबला विजेचा, दिव्यांच्या आकड्यांचा स्कोअरबोर्ड विकला होता. त्याचं उद्घाटन हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी, दुपारच्या, असरच्या नमाजानंतर, बास्केटबॉलच्या फायनलआधी ठरलं.

बोर्ड चालवणार होता आमचा टेक्निशियन इस्माईल. रत्नागिरीकडचा. त्याची बायको झुबेदा फॅमिली व्हिसावर नुकतीच आली होती, शहरातल्या झिंज भागात दोघांनी खोली घेतली होती, पडदेसुद्धा लागले होते. आणि मॅनेजरने त्याला सगळ्यांसमोर बजावलं, "बोर्ड बंद, तो तू भी बंद. बीवी को लेके सीधा बंबई."

मला गुण नोंदवायच्या टेबलाशी बसवलं ते आकडेवारीसाठी. हिंदी माणूस आईच्या पोटातूनच हिशेब शिकून येतो अशी तिथे समजूत होती. कोणी किती शॉट मारले, कुठून मारले, किती आत गेले, रिबाउंड, फाउल... सगळं मी टिपायचं. अधिकृत गुण लिहायला शेजारी एक इजिप्शियन मास्तर होते.

थाट विचारू नका. कोर्टाच्या कडेला मखमली सोफे, लाल गालिचे, आमच्या टेबलालाही जमिनीपर्यंत लाल कापड. तीन भाषणं झाली, तिन्हींत बोर्डाची स्तुती. अकरा... नव्हे, दहाच्या दहा खेळाडू उन्हात ताटकळत उभे. (इतकी वर्षं झाली तरी डोक्यात क्रिकेटच!) शेवटी फीत कापली, दिवे लागले आणि मॅच सुरू झाली.

आणि काय मॅच! यजमानांचा नऊ नंबरचा वयस्कर खेळाडू बास्केटखालून चेंडू उचलायचा तो जणू झाडावरून आंबा काढावा तसा. मी टिपत होतो, इस्माईल बटणं दाबत होता, बोर्ड बदलत होता. माझी बेरीज आणि बोर्ड शेवटच्या मिनिटापर्यंत तंतोतंत जुळले. इस्माईल घामाने निथळत होता, पण हसत होता.

अर्धं मिनिट उरलं तेव्हा पाहुण्या संघाने बास्केट केली. यजमान अडुसष्ट, पाहुणे एकोणसत्तर. चेंडू यजमानांकडे. आणि तेवढ्यात बोर्डावरचे अडुसष्ट, कोणी काही न करता, सत्तर झाले!

"अरे इस्माईल, दोन जास्त दाबलेस!"

"मी हातच लावला नाय! हे बघा!" त्याचे दोन्ही हात हवेत होते.

"मग कमी कर ना!"

त्याने कमी करायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही. इकडे आपण पुढे आहोत असं समजून यजमान खेळाडू शॉटच मारेनात! चेंडू याच्याकडून त्याच्याकडे, वेळ काढताहेत. हरत असताना! चेंडू खेळात असेपर्यंत टेबलावरून भोंगा वाजवता येत नाही. मास्तर उभे राहून अरबीत ओरडत होते. इस्माईलचा चेहरा पांढरा पडला. "करमरकर, मेलो मी. झुबेदाला काय सांगू?"

आणि तो टेबलाखाली शिरला. कापड वर करून मला खुणावू लागला. मी वाकलो. बटणांच्या पेटीतून निघालेली वायर गालिच्याच्या कडेला नुसतीच पडली होती. टोकाला प्लास्टिकची टोपी. बोर्डाला जोडलेलीच नव्हती! मी मान वर केली. बोर्डावरचं घड्याळ चाललं होतं... नऊ, आठ...

"जोडू काय?" इस्माईल.

"हात लावू नकोस!" हे मी म्हणालो. मी, कावळ्याची वाट न पाहणारा.

एवढ्यात यजमानांचा कोच धावत टेबलाशी आला, मास्तरांच्या कागदावर अडुसष्ट पाहिले आणि असा किंचाळला की सोफ्यावरची बडी मंडळी उठून उभी राहिली. "यल्ला! यल्ला!" म्हणजे चला, आटपा! चेंडू होता नऊ नंबरकडे, उजव्या कोपऱ्यात. माझा कागद सांगत होता, त्या कोपऱ्यातून त्याचे दिवसभरातले सहा शॉट, आत गेलेले शून्य. त्याने मारला. चेंडू कड्यावर आदळला, उडाला, फिरला... आणि आत!

भोंगा. सत्तर–एकोणसत्तर. लोक कोर्टवर धावले. बोर्ड तसाच. त्याला बदलायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गालिचेवाल्यांना गाठलं. "हाँ भाई, निकाला था," त्यांच्यातला एक म्हणाला, "भाषण के पहले. धूल न जाए, इसलिए टोपी भी लगाया." म्हणजे आकडे पाठवणारी ती वायर पूर्ण मॅचभर सुटी होती; बोर्डाला वीज तेवढी वेगळ्या तारेने येत होती. कंपनीच्या इंजिनिअरने ऐकून घेतलं आणि मला रजा घ्यायला सुचवलं.

मॅनेजरने इस्माईलला मालकांपुढे उभं केलं. पाहुण्या क्लबची तक्रार आली होती. "दो पॉइंट पहले क्यूँ चढ़ाया?"

मी दाराशीच होतो. वाटलं, आता हा वायरचं सांगणार आणि त्याचं नि झुबेदाचं तिकीट निघणार. इस्माईलने खाली पाहत सांगितलं, "साब, इंशाल्ला बोल के चढ़ाया."

मालक खुर्चीत मागे रेलून इतके हसले की चहा सांडला. पुढे वर्षभर त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला हा किस्सा ऐकवला. इस्माईलचा व्हिसा वाढला, झुबेदाने नवे पडदे घेतले.

तो बोर्ड नंतर बरीच वर्षं चालला, वायर जोडून, बटण दाबल्यावरच. मी पुष्कळ वाचलं, पुष्कळांना विचारलं. दिवे कसे लागले हे सगळेच सांगतात. मोजत कोण होतं, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.