पुक-सत्तेचाळीस आणि पल्लवीचे पाहुणे

मी आयुष्यात कधी विमानात बसलेलो नाही. मात्र माझ्याकडे रशियाच्या लढाऊ विमानांची अकरा सचित्र पुस्तकं आहेत. सगळी जुनी, सगळी रशियन भाषेत. मला रशियन येत नाही.

धंद्यानं मी भाजीवाला शेतकरी. मंगरूळपीरला लागूनच आमचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्या वाचकांनी इडली शोधू नये!). सांबाराच्या जुड्या गुंडाळायला मी रफिकभाईच्या दुकानातून रद्दी आणायचो. त्या रद्दीत एकदा एक जाडजूड पुस्तक निघालं. पानोपानी विमानं! पंख, शेपटी, पोटात दुमडलेली चाकं, सगळं भोपळा चिरावा तसं चिरून दाखवलेलं. ते पुस्तक फाडायला माझा हातच धजेना. तेव्हापासून असं काही आलं की रफिकभाई भर बाजारात ओरडायचा, "भाऊ, तुमचा रशियावाला माल आला!" एकदा तर ते ऐकून शेजारचा एक तहानलेला गृहस्थ पार मळ्यापर्यंत माझ्यामागं आला.

आता वाचता येत नसताना विमानांची नावं कशी कळायची? तर प्रत्येक चित्राखाली तिरप्या अक्षरांत छापलेलं असायचं. बाकी सगळी अक्षरं उलटीपालटी, पण एवढं मात्र स्वच्छ कळायचं: पी, यू, सी आणि पुढं आकडा. पुक! पुक-एक, पुक-दोन, पुक-तीन... (गाडीच्या पीयूसीशी याचा काही संबंध नाही, असं मी लोकांना स्वतःहून सांगायचो.) दुसऱ्या पुस्तकातही पुक-एक निघालं आणि ते भलतंच दिसत होतं, तेव्हा मी त्याला 'सुधारित पुक-एक' म्हणू लागलो. पुक-नऊच्या वर नुसतंच चाक होतं. हे विमान गुप्त असल्यामुळं सरकारनं फक्त चाक दाखवलं आहे, असं मी चहाच्या टपरीवर सांगितलं. लोक गंभीर झाले. पुढं वस्तीवरच्या शाळेची भिंत रंगवायची होती. गुरुजींनी मला बोलावलं आणि भिंतीवर माझ्या देखरेखीखाली भलंमोठं पुक-सत्तेचाळीस उतरलं. खाली ठळक नावासकट!

अशातच आमच्या पल्लवीला पाहायला मेडशीचे पाहुणे यायचे ठरले. पल्लवी वाशीमला औषधाच्या दुकानात कामाला आहे. मुलाचा फोटो बरा आहे असं तिनं आईला दोनदा सांगितलं होतं. यापूर्वीच्या तीन फोटोंबद्दल ती एकदाही काही बोलली नव्हती. म्हणजे प्रकरण नाजूक!

सकाळी बायकोनं मला ओसरीत उभं केलं.

"अवो, आयका. आज इमानाचं नाव काढलं त याद राखा. मानसं पोरगी पाह्यले येऊन राह्यले, इमानं पाह्यले नाई."

"मी कायले काढतो?"

"मांगच्या डावाले कोन काढलं होतं? रिसोडचे पाहुणे चहा सोडून उठले!"

(चहा सोडून नव्हे. अर्धा प्याले होते.)

तिनं अकराही पुस्तकं कोपऱ्यात एकावर एक रचली, वर उशी ठेवली, त्यावर नवी चादर टाकली. छान बैठक दिसू लागली. इतकी छान, की घात तिथंच झाला. पाहुणे तीन यायचे होते, आले चार! मुलगा, त्याचे आईवडील आणि मुलाचे मामा. मामा मिशाळ, धिप्पाड, ताठ कण्याचे. खुर्च्या तीन. मामांनी घरभर नजर फिरवली आणि सरळ कोपऱ्याकडं निघाले.

"मामाजी, तिथं नका—" मी ओरडलो.

"काहून?"

मी बायकोकडं पाहिलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. विमानाचं नाव काढायचं नव्हतं.

"काही नाई. बसा."

मामा बसले. पोह्यांची बशी हातात आली. पहिल्या घासाला बैठक जराशी डावीकडं सरकली, दुसऱ्याला उजवीकडं. तिसऱ्या घासाला मामा, पोहे आणि रशियाचं अख्खं हवाई दल जमिनीवर आलं!

"अरे बाप्पा!" मुलाची आई किंचाळली. मी धावलो आणि (आजही सांगायला लाज वाटते) आधी पुस्तक उचललं, मग मामांना.

मामांच्या मिशीत शेंगदाणा अडकला होता, पण त्यांची नजर उघड्या पानावर होती.

"हे पुस्तकं कोनाचे?"

"माहे!" मी म्हणालो. मागून बायकोचा खोकला आला. पण मिशी एवढ्या आस्थेनं विचारते म्हटल्यावर मी कुठला थांबतो? "हे पाहा मामाजी, पुक-शेचाळीस. अन् हे पुक-सत्तेचाळीस. शेचाळीसपेक्षा दुप्पट धावते!"

"तुमाले रशियन येते?"

"कामापुरती."

मामांनी चष्मा लावला.

"भाऊ, मी वीस वर्सं हवाई दलात रशियन इमानाइची दुरुस्ती केली. त्याइचं 'पी' दिसते ना, तो 'र' हाय. 'यू' म्हंजे 'इ'. अन् 'सी' म्हंजे 'स'. हे 'पुक' नाई. हे 'रिस' हाय."

"बरं, रिस-सत्तेचाळीस," मी तडजोड केली.

"रिस म्हंजे आकृती. आकृती सत्तेचाळीस."

माझ्या डोळ्यांपुढून टपरी गेली, गुप्त चाक गेलं, शाळेची भिंत गेली.

"म्हंजे येताना वाटेत दिसली त्या शाळेवर तुमीच लिहून ठेवलं का?" मामा म्हणाले. "मले वाटलं, पोट्ट्याइनं काई वात्रट लिहिलं!"

आणि तेवढ्यात दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली पल्लवी हसली. गालातल्या गालात नाही, खो खो! कपबशा खडखडायला लागल्या, चहा ट्रेमध्ये सांडला. बायकोनं कपाळाला हात लावला. मुलाच्या आईचा चेहरा कडक झाला. मला वाटलं, संपलं. पोरीचं लग्न मी आकृतीसकट बुडवलं.

पण मुलगा उठला, त्यानं तिच्या हातातला ट्रे धरला, आणि मग त्यालाही हसू आवरेना. दोघं हसत राहिली, मधे चहा गळत राहिला. शेवटी त्याची आईच म्हणाली, "जा माय, तुमी दोघं मळ्यातच बोला. इथं काई जमत नाई."

ती दोघं वांग्यांच्या ओळीत दीड तास बोलली. इकडं मामा जमिनीवर मांडी घालून अकराही पुस्तकं पाहत होते. एका पानावर ते बराच वेळ थांबले. "याच्याच पोटाखाली माही जवानी गेली," एवढंच म्हणाले. जाताना मुलाचे वडील माझ्या कानाशी आले: "आमचा होकार समजा. मामा तीन वर्सात एवढे बोलले नव्हते."

लग्न होऊन गेलं. मामा आता महिन्यातून एकदा एसटीनं येतात आणि मला रशियन अक्षरं शिकवतात. मला ती सगळी यायला लागली आहेत. रोज सकाळी मळ्यात जाण्याआधी एक पान मोठ्यानं, अगदी अचूक वाचतो. अर्थ एकाही शब्दाचा कळत नाही.

बायको परवा म्हणाली, "पहिले चुकीचं सांगत होते, पन निदान समजत तरी होतं!"