ॲक्सेल चुकली तेव्हा
चाकांच्या रबराचा जळका वास आला की लोणावळ्यातली ती स्केटिंगची स्पर्धा आठवते आणि शिसारी येते. ॲक्सेलची, म्हणजे हवेत दीड गिरकी घ्यायची उडी चुकली आणि मी हनुवटीवर आपटले. आमचे सर धावत आले. त्यांनी माझ्या जाकिटाने आधी फरशीवरचं रक्त पुसलं, मग त्याच जाकिटाने माझी हनुवटी. "ऊठ, गाणं चालू आहे. स्पिन केलीस तर मेडल मिळेल." मी उठूही लागले. तेवढ्यात वराळ्याहून आलेले वडील चपलांसकट रिंकमध्ये शिरले. "पोरगी हाय ती, भवरा न्हाई," म्हणत त्यांनी मला उचललं. सर मागून ओरडले, "अहो, चपला! फरशी खराब होतेय!" आता मीच मुलींना शिकवते. कुणी पडलं की पहिल्यांदा गाणं बंद करते.