मगदल्ल्याची ओहोटी

अमळनेरहून निघताना सुरतेत साड्या बघायच्या आणि घारी (तिथली तुपात घोळलेली मिठाई) खायची, एवढाच माझा बेत होता. उधना स्टेशनवर धाकटा भाऊ सुधाकर भेटला तो वेगळीच बातमी घेऊन. त्याच्या ओळखीचे दोऱ्याचे व्यापारी कांतीभाई यांनी जेट इंजिनाची छोटी होडी आणली होती. "खाली पंखाच नाही, अक्का. इंजिन पाणी ओढतं नि मागे फेकतं. उथळ पाण्यातही चालते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गरम लोचो (डाळीचा मऊ, वाफवलेला पदार्थ) खाऊन आम्ही तापीच्या मुखाजवळच्या मगदल्ल्याला पोचलो. तापी तिथे गढूळ आणि अफाट रुंद. मला पोहता येत नाही, सुधाकरलाही नाही. तरी बसलो.

समुद्राच्या दिशेनं जाताना होडीचं नाक आधी वर गेलं, मग खाली आलं. होडी पाण्यावर चढली आणि सपाट्यानं घसरत निघाली. एका वाळूच्या बेटापाशी कांतीभाईंनी एकदम वेग कमी केला. मागून आमचीच लाट आली आणि होडीत शिरली. पाय घोट्यापर्यंत बुडाले.

"ओट लागी गई," कांतीभाई पुटपुटले (ओहोटी लागली). त्यांचं हसू मावळलं होतं.

परतताना इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडत होतं, पण होडी चढेना. आतलं पाणी मागे साचलेलं, कांतीभाई आणि सुधाकरही मागेच. नाक आभाळाकडे. काठावरच्या एका खांबावर मी नजर रोवली होती. तो जागचा हलेना. मग हळूहळू पुढे जाऊ लागला. म्हणजे आम्ही मागे, समुद्राकडे चाललो होतो. तिकडे लाटा पांढऱ्या फुटत होत्या.

सुधाकर डब्यानं पाणी उपसत होता. कांतीभाई ओरडले, "बेन, आगळ जाओ! आगळ वजन जोईए!" (ताई, पुढे जा! पुढे वजन हवं!)

"नाही जमणार मला!"

"जाय अक्का, मी शे ना," सुधाकर म्हणाला (मी आहे ना). घाबरला की त्याची अहिराणी बाहेर येते.

पदर खोचून मी रांगत निघाले. होडी डावीकडे कलली तशी किंचाळले आणि आडवीच झाले. तशीच सरपटत टोकाला पोचले, तिथल्या दोरीला मिठी मारली आणि डोळे मिटले. नाक खाली येऊ लागलं. इंजिनाचा सूर बदलला. तळाखालचं पाणी खडखडू लागलं, वारा तोंडावर आपटला. डोळे उघडले तेव्हा तो खांब मागे पडत होता.

काठावर सुधाकरनं माझी बोटं एकेक करून दोरीवरून सोडवली. कांतीभाई चिखलातच मटकन बसले.

परतीच्या गाडीत घारीचा डबा मांडीवर न उघडता तसाच होता. सुधाकर आजही सगळ्यांना सांगतो, "आमची अक्का भारी धीराची!" मी त्याला कधी सांगितलं नाही, की त्या दोघांचे भेदरलेले चेहरे बघवत नव्हते, म्हणून मी पुढे गेले.