दोन मापटी बेसन
बेसन भाजल्याचा वास आला की मला शिवाजी पेठेतलं ते किराणा दुकान आठवतं आणि अजून डोकं तापतं. नव्वदच्या दशकात माझ्या पहिल्याच ऑर्डरीचे लाडू बसले, आणि गिऱ्हाईक बाईनं डबा परत केला, "लाडू सांगितलं हुतं, थापट्या न्हाईत." तूप मी किलोभर बेसनाच्या हिशेबानं घातलं होतं, पण बेसन दुकानदारानं न तोलता मापट्यानं भरून दिलं होतं. तशीच दुकानात गेले. "दोन मापटी म्हंजे किलो. डाळ तशीच देतो की," तो म्हणाला. मी त्याला मापटं पिठानं भरायला लावलं आणि फळीवर तीनदा आपटलं; पीठ दोन बोटं खाली गेलं. "वयनी, पीठ हाय, वाळू न्हवं." "मग तराजूत घाला. त्याबिगर मी हलत न्हाय." मागची माणसं हसायला लागली, तेव्हा त्यानं दोन मापटी तोलली. पाऊण किलो भरली. कमी भरलेलं पावशेर त्यानं पुडीत बांधून दिलं, पण चुकलं म्हणाला नाही. ते भाजून त्याच लाडवांत मळलं, पुन्हा वळले आणि संध्याकाळी डबा पोचवला. आता त्या दुकानदाराच्या घरी दिवाळीचे लाडू माझ्याकडूनच जातात. मी ते काट्यावर तोलते, आणि वर एकही जास्त टाकत नाही.