बाई बसल्या आणि गाडी ओरडली

खिळेकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते त्यांच्या दुकानात दोन मिनिटं उभं राहिलं की कळतं. जुन्या खुर्च्या आणि सोफे नव्यानं भरून, मढवून द्यायचे हे त्यांचं काम, आणि काम करताना तोंडात मूठभर बारीक खिळे. एकेक खिळा जिभेनं ओठाशी आणायचा, चुंबकाच्या हातोडीनं टिपायचा आणि ठोकायचा. त्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा काका फक्त "ऊं" म्हणतात. पस्तीस वर्षांच्या संसारात काकूंना त्या "ऊं"चे अकरा प्रकार पाठ झालेत. अकरापैकी नऊ "चहा"चे आहेत ही गोष्ट वेगळी.

लोकांच्या खुर्च्यांच्या पोटातून काकांनी आजवर काय काय बाहेर काढलंय! नाणी, कानातली, थर्मामीटर, एकदा तर अख्खी कवळी. सगळं पाकिटात घालून मालकाला परत. वर फुकटचा सल्ला, "माणसाला आपल्या वस्तूचं भान नको का हो?" कवळीवाल्या आजोबांनाही हे ऐकवलं होतं. त्यांना बिचाऱ्यांना उत्तर देण्याआधी कवळी धुऊन बसवावी लागली.

तर अशा भानवाल्या काकांच्या घरी गाडी आली. लेकीनं नवी घेतली आणि आपली दोन वर्षांची गाडी आईबाबांना दिली. "बाबा, चावी खिशात ठेवायची. काढायची नाही, फिरवायची नाही. जवळ गेलात की दार उघडतं, बटण दाबलं की सुरू. लांब गेलात की आपोआप लॉक."

ऐकायला काय गोड! पहिल्याच दिवशी काका गाडीपासून दहा पावलं गेले आणि मनात शंकेचा किडा. लॉक झाली का? बघायला परत आले, तर काका जवळ आल्याच्या आनंदात गाडीनं दार उघडलं. पुन्हा गेले, पुन्हा आले, पुन्हा उघडली. सहा फेऱ्या झाल्यावर काकू चावी घेऊन रस्त्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि काकांनी दार ओढून बघितलं. तेव्हापासून दोघांचा हा रोजचा व्यायाम झाला. शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण झालंय.

शिवाय लेकीनं फोनवर आणखी एक भर घातली. "चोर घराबाहेर यंत्र घेऊन उभे राहतात आणि आतल्या चावीचा सिग्नल पकडतात. दुसरी चावी फॉइलमध्ये गुंडाळून ठेव गं आई." काकूंनी गुंडाळली आणि अशी लपवली, अशी लपवली, की चोरांची सोडा, त्यांची स्वतःचीही पंचाईत.

आता बाईंकडे येऊ. बाई म्हणजे गणिताच्या बाई. निम्म्या वस्तीला त्यांनी शिकवलं, आणि शाबासकी म्हणून जास्तीत जास्त काय दिलं, तर "चालेल". एका मुलीला शंभरपैकी शंभर पडले, तर खाली लिहिलं, "अक्षर सुधार". काकांना त्यांच्या हातून एकेचाळीसच्या वर कधी मिळाले नाहीत. अशा बाईंनी आपल्या वडिलांची आरामखुर्ची नव्यानं भरायला काकांकडे दिली, आणि काका अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा बाकावर जाऊन बसले. एकदा, फक्त एकदा, बाईंच्या तोंडून "छान" ऐकायचं होतं.

तीन आठवडे खपले. स्प्रिंगा नव्या, त्यावर तागाचं कापड, वर काथ्या, वर कापूस, वर गडद हिरवं कापड. खुर्ची बाईंच्या घरी पोचवायची म्हणून दुकानाच्या दारातच उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या सीटा पाडल्या, खुर्ची आत सरकवली. बाईंच्या गल्लीत जागा अरुंद, म्हणून इंजिन चालूच ठेवून काका-काकूंनी खुर्ची उतरवली आणि दिवाणखान्यात खिडकीशी ठेवली.

"बसून बघा ना बाई," काका म्हणाले.

"तुझ्यासमोर? परीक्षक विद्यार्थ्यासमोर पेपर तपासतो का? आठ दिवस बसेन, मग सांगेन."

परतीच्या वाटेवर गाडी अखंड पिकपिक करत होती.

"का बोंबलतेय ही?" काकूंनी विचारलं.

"सवय आहे तिला. पट्टा लावला नाही, दार लागलं नाही, मागे कुत्रं आहे. हिचं काही ना काही असतंच."

"माझ्याकडे बघून काय बोलताय?"

घरी येऊन काकांनी गाडी बंद केली. दुसऱ्या दिवशी ती सुरूच होईना. पडद्यावर अक्षरं आली, चावी सापडत नाही. काकांनी खिसे चाचपले. शर्टाचे, पँटचे, कालच्या शर्टाचे, परवाच्या पँटचे. दुकानातला काथ्याचा ढीग उपसला. चावी काढावीच लागत नाही म्हटल्यावर शेवटची कधी हाताला लागली होती, तेही आठवेना. जुन्या किल्लीचं बरं होतं, ती नसेल तर गाडी दारातच अडायची. हिनं मात्र गाडीला घरापर्यंत येऊ दिलं आणि मग दगा दिला.

दोन दिवस शोधाशोध झाल्यावर काकूंनी कमरेवर हात ठेवले. "अहो, ती पिकपिक कुठनं सुरू झाली होती?"

"बाईंच्या फाटकापासून."

"म्हणजे तिथपर्यंत चावी गाडीत होती. मग तिथे गाडीतून काय उतरलं?"

काकांच्या डोळ्यांसमोर दिसलं ते असं: शर्टाचा वरचा खिसा, आणि काथ्या दाबून बसवायला खुर्चीच्या पोटात कमरेपर्यंत वाकलेले आपण. तोंडात एकही खिळा नसताना काका म्हणाले, "ऊं." हा बारावा प्रकार काकूंनी पहिल्यांदाच ऐकला.

"सरळ सांगा ना बाईंना."

"गुण पडायच्या आधी? वेड लागलंय का तुला?"

त्यांचा बेत साधा होता. काहीतरी खुसपट काढून खुर्ची एका दिवसासाठी दुकानात आणायची, गुपचूप उसवायची, चावी काढायची, पुन्हा शिवायची. पण त्यासाठी गाडी हवी. काकूंनी सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं तेव्हा दुसरी चावी पिठाच्या डब्याच्या तळाशी सापडली.

बाई दारातच भेटल्या. काका म्हणाले, "बाई, मागचा उजवा पाय मला जरा आखूड वाटतोय. आजच्या दिवस घेऊन जातो."

"सपाटी मोजायची पाणसळ लावून मी बघितलंय. चारही सारखे आहेत. बसा दोघं." आणि आत जाऊन बाई खुर्चीत बसल्या.

त्याबरोबर रस्त्यावर गाडी किंचाळायला लागली. भोंगा, दिवे, सगळं.

"कुणाची आहे ही?"

"आमचीच," काकू म्हणाल्या. काकांनी घाईघाईनं खिशातल्या चावीवर दिसेल ते बटण दाबलं. गाडीची डिकी उघडली, भोंगा चालूच. बाई बघायला उठल्या. भोंगा चालूच. बाई परत बसल्या. भोंगा बंद.

मग बाई सावकाश उठल्या आणि बसल्या. भोंगा सुरू. उठल्या, बसल्या. बंद. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "अहो, काय चाललंय?"

"प्रयोग चाललाय!" बाई खिडकीतून म्हणाल्या आणि आणखी एकदा उठून बसल्या. भोंगा पुन्हा सुरू. पुन्हा उठून बसल्या, तेव्हा शांत झाला. "एकदा झालं तर योगायोग म्हटलं असतं. आता सिद्ध झालंय. अरे, माझ्याखाली काय आहे?"

काकांनी मान खाली घातली. "गाडीची चावी, बाई. माझी. माझ्याच हातानं आत शिवली गेली. तुम्ही बसलात की तिच्यावरचं भोंग्याचं बटण दाबलं जातंय. पाय आखूड नाहीये. मी खोटं बोललो."

"ते पाणसळीनं आधीच सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "उसव. इथेच, माझ्यासमोर."

काकूंनी जमिनीवर जुनी चादर अंथरली. काकांनी कापड सोडवलं, कापूस उचलला, काथ्याचा थर बाजूला केला. तागाच्या कापडावर, बरोबर मधोमध, चावी ऐटीत पडली होती. पण बाई चावीकडे बघत नव्हत्या. चष्मा लावून, गुडघे टेकून, तागाचं कापड एका बाजूनं उचलून त्या खुर्चीच्या आत डोकावत होत्या.

"स्प्रिंगांना बांधलेल्या या दोऱ्या. वर कापड आल्यावर या कोणाला दिसणार होत्या?"

"कुणालाच नाही, बाई."

"मग सगळ्या गाठी एका मापाच्या कशाला?"

एव्हाना काकांनी तोंडात खिळे भरले होते. "ऊं," ते म्हणाले.

"वाकडी गाठ राहिली की त्यांना झोप लागत नाही, असं म्हणतायत," काकूंनी सांगितलं. "आणि चहा चालेल, असंही म्हणतायत."

दोन तास लागले. बाई तिथून हलल्या नाहीत. शेवटचा टाका पडला, बाई खुर्चीत बसल्या, मागे टेकल्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. काकांना विचारायचा धीर होईना, म्हणून काकूंनीच विचारलं, "मग आता आठ दिवसांनी यायचं का, बाई?"

"आता कसले आठ दिवस? आतून बाहेरून सगळा पेपर बघितला की." बाईंनी हिरव्या कापडावरून एकदा हात फिरवला. "छान केलंयस."

काकांचा चेहरा असा काही फुलला की बाईंना लगेच आवर घालावा लागला. "इतकं फुगायला नको. जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या आहेत. दोन-दोन करून ने. आणि नेण्याआधी दर वेळी खिसे या टेबलावर रिकामे करायचे."

काकांनी तिथल्या तिथे खिसे उलटे केले. खडू, टेप, चष्मा, दोन गोळ्या आणि दोन्ही चाव्या. बाईंनी दोन्ही चाव्या उचलून काकूंच्या हातात दिल्या.

म्हणून घरी जाताना गाडी काकूंनी चालवली. पहिल्या वळणावर काका म्हणाले, "काय म्हणाल्या गं बाई?"

"छान केलंयस, म्हणाल्या."

"नुसतं छान?"

"छान केलंयस."

दुसऱ्या वळणावर काकांनी पुन्हा विचारलं. काकूंनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वळणाला लागायच्या आधी त्यांनी मुद्दामच लांबचा रस्ता घेतला.